अंतरपाटाआडचं इंग्रजी

मला इंग्रजी शिकवता शिकवता आमच्या सरांनी एकदा माझं लग्न लावलं. तेव्हा मला नवरा होता, दोन लेकरं होती आणि धाकट्याला नुकते दात येत होते. त्यामुळं हे लग्न कुणाला फारसं आवडलं नाही.

पण एकदम लग्नावर आले तर सर कळायचे नाहीत, आणि मग ते लग्न म्हणजे नुसता चावटपणा वाटेल. तो चावटपणा नव्हता. तो अभ्यासक्रम होता.

नव्वदनंतरची गोष्ट. मी सणसरला दिलेली. दहावीचे बाकी सगळे विषय सुटले होते, इंग्रजी तेवढं राहिलं होतं. मार्चला गेले, ऑक्टोबरला गेले, लग्नानंतर हौसेनं पुन्हा बसले आणि पुन्हा गेले. आमच्याकडं नापास झाली असं कुणी म्हणत नाही, 'गेली' म्हणतात. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, शेजारपाजारी सांगायच्या, "थोरली सून इंग्रजीत गेली," आणि ते अशा सुरात की ऐकणारी बाई डोक्यावरचा पदर सारखा करून विचारायची, "आगं बया, कवा?"

मला मात्र पक्की खात्री होती की पेपर तपासणारे माझ्या अक्षरावर जळतात. माझं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि अक्षर चांगलं असलं की आत काय लिहिलंय ते बघायची गरज नसते, असं माझं मत होतं. त्या वयात मी फार शहाणी होते. इतकी शहाणी पुढं मी कधीच झाले नाही.

त्याच सुमाराला गावात अंगणवाडीची आणखी एक जागा निघणार अशी बोलवा उठली, आणि तिला दहावी पास पाहिजे होती. म्हणजे हिशेब सरळ होता. ऑक्टोबरला इंग्रजी सुटलं तर मी अंगणवाडीच्या बाई, पर्स घेऊन जाणार, लोक वाटेत नमस्कार करणार. नाही सुटलं तर आमच्या रानातली भेंडी. भेंडी ज्यानं तोडलीय त्याला सांगायला नको. मनगटापासून कोपरापर्यंत अशी काही खाज सुटते की माणूस रात्री झोपेतसुद्धा कुणाला तरी नमस्कार करत असल्यासारखा हात चोळत राहतो.

तर ऑक्टोबरला बसणाऱ्यांसाठी सरांचा क्लास होता, आणि तो भरायचा इंदापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात. चातुर्मासात लग्नं बंद, कार्यालय रिकामं. आणि ऑक्टोबरवाल्यांचा अभ्यास नेमका आषाढापासून दिवाळीपर्यंत. मालकाला चार पैसे, सरांना छप्पर. त्यामुळं आमच्या वर्गात फळा म्हणून जो होता त्याच्यावर कायमच्या रंगानं 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' लिहिलेलं होतं, आणि मधल्या जागेत सर खडूनं क्रियापदं लिहायचे. मुलं वरपक्षाच्या खोलीकडं बसायची, आम्ही बायका वधूपक्षाच्या. समोर मखमलीच्या दोन सिंहासनासारख्या खुर्च्या होत्या. सर त्यांवर कधी बसले नाहीत. त्या खुर्च्यांपुढं चौरंग टाकून बसायचे आणि आमच्याकडं असं बघायचे, की आता आम्ही आहेर करणार.

सर बारामतीहून लुनावर यायचे. बुटके, अंगात राखाडी सफारी, केस बूटपॉलिशसारखे काळे. कुणी केसांकडं जरा जास्त वेळ बघितलं की स्वतःहून सांगायचे, "इंग्रजीत डाय दोन. एक रंगवायचा, एक मरायचा. मी तूर्त पहिला लावतो." एकदा लुना घसरली तेव्हा मेकॅनिकला म्हणाले, "अरे, ब्रेक गेला." लगेच स्वतःलाच दुरुस्त करत विचारलं, "आता मला सांग, कोणता? थांबायचा का मोडायचा?" मेकॅनिक म्हणाला, "सर, तुमचा थांबायचा हुता त्यो मोडलाय." सर त्या मेकॅनिकवर इतके खूश झाले की दर वर्षी नव्या मुलांना त्याचं गॅरेज लांबून दाखवायचे.

सारख्या आवाजाचे शब्द हा त्यांचा ध्यास होता. व्याकरण, निबंध, धडे सगळं ते शिकवायचे, पण जेवताना लोणच्याकडं हात जावा तसे फिरून फिरून तिथंच यायचे. म्हणायचे, "इंग्रजी ही भाषा नाही, ही भाऊबंदकी आहे. आवाज एक, सातबारा वेगळा. कानावर विश्वास ठेवाल तर दुसऱ्याच्या रानात नांगर घालाल. कागद बघा, कागद!"

माझा कागद त्यांनी पहिल्याच आठवड्यात बघितला. मैत्रिणीला पत्र लिहायला सांगितलं होतं. मी मोत्यासारख्या अक्षरात लिहून दिलं आणि आता वर्गात वाचून दाखवतील म्हणून मान ताठ करून बसले. त्यांनी वाचलं, पण मराठीत, मी लिहिलं होतं अगदी त्याबरहुकूम:

"हे हरीण मैत्रिणी, तुझा सूर्य आता दोन वर्षांचा झाला असेल. तो फार गोड आहे. मी पुढच्या अशक्तात येऊन तुझं मटण करीन. तुझ्या भोक परिवाराला नमस्कार."

सगळा वर्ग वधूपक्ष-वरपक्ष विसरून लोळत होता. सर हसले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, हे पत्र नाही, हा गुन्हा आहे. पण गुन्हेगाराचं अक्षर चांगलं आहे."

मी यातला दुसरा भाग तेवढा घरी सांगितला.

सर आधी बारामतीच्या कुठल्याशा शाळेत होते. ती नोकरी का सुटली, याची कहाणी मुलं एकमेकांना सांगायची. शाळा तपासायला साहेब आले होते. सरांनी हेडमास्तरांना एक शब्द दिला, 'होल', म्हणजे अख्खं. आणि साहेबांना त्याच आवाजाचा दुसरा दिला, म्हणजे भोक. मग पोरांना म्हणाले, "आता या दोघांकडं नीट बघून फरक सांगा." पोरांनी बघितलं आणि सांगितला. पुढं सरांना क्लास काढावा लागला.

कारण त्यांची पद्धतच तशी होती. शब्द पाठ करायचा नाही, शब्द व्हायचं. ज्याला जो शब्द मिळेल त्यानं आठ दिवस तो शब्द होऊन जगायचं, घरीसुद्धा. वरकुट्याची एक बाई 'पीठ' झाली होती. ती आठ दिवस गालांना गव्हाचं पीठ थापून वडापच्या जीपनं यायची, आणि ड्रायव्हर तिच्याकडं भाडं मागायला भ्यायचा. तिच्या जोडीदारणीला त्याच आवाजाचं 'फूल' मिळालं होतं. तिनं विचार करून ठरवलं की फूल काहीच करत नाही. ती आठ दिवस काहीच न करता बसून राहिली. सर म्हणाले, "उत्तम."

मला मिळाला 'वीक', आठवडा. आणि माझ्या जोडीला दुसरा 'वीक', अशक्त, तो मिळाला लासुर्ण्याच्या एका पैलवानाला. तालमीतलं पोरगं, एकोणीस-वीस वर्षांचं, दंड माझ्या कमरेएवढे. दारातून आत यायचं तर आधी एक खांदा, मग दुसरा. सर म्हणाले, "तू अशक्त." तो म्हणाला, "जी सर," आणि तिथंच भिंतीला धरून चालायला लागला.

तिसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. सगळे त्यांना आबा म्हणायचे. रानात टोमॅटोची तोडणी चालू होती, आणि आबा तोडणीतनं तसेच उठून आले होते.

"मास्तर, माझ्या पोराला काय चारलंय तुमी?"

"का? काय झालं?"

"टमाट्याचं क्रेट उचल म्हनलं तर म्हंतंय, आबा, मी अशक्त हाय! सकाळी दोन लिटर दूध पिऊन अशक्त!"

सरांनी पैलवानाकडं वळून दुःखानं पाहिलं. "दूध प्यायलास?"

"जी सर."

"दोन लिटर?"

"जी."

"अशक्ताला एवढं दूध पचतं का रे? मार्क कापला."

आबांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली आणि निघून गेले. काही माणसांशी भांडणसुद्धा करता येत नाही, हे त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

माझं काम अवघड होतं. आठवडा होऊन जगायचं म्हणजे काय करायचं? सरांना विचारलं तर म्हणाले, "आठवड्याला विचारा." मी पुष्कळ विचार केला आणि ठरवलं, की जो वार असेल तेवढाच बोलायचा. आज आठवलं तरी मला त्या पोरीच्या थोबाडीत द्यावीशी वाटते, पण ती पोरगी मीच, आणि तिला तेव्हा वाटत होतं की आपल्यासारखी अभ्यासू बाई अख्ख्या तालुक्यात नाही.

"मिठाचा डबा कुठं ठिवला गं?" आत्याबाई चुलीपाशी बसून विचारत होत्या.

"बुधवार."

"क्काय?"

"बुधवार, आत्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मीठ स्वतः शोधलं. संध्याकाळी आमचे हे कारखान्यावरनं आले. स्वभावानं गाय. "लेकरं जेवली का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बुधवार." ते बूट काढता काढता थांबले. "बरं," म्हणाले. जेवताना हळूच विचारलं, "उद्या तरी बोलशील ना?"

"उद्या गुरुवार."

आमच्या घरात भूत-लागीर, उतारे-पातारे काही चालत नाही. छप्पन सालापासून ते सगळं बंद. विहारात वंदना म्हणायला आत्याबाई पुढं, आणि कुणी अंगात आलं म्हणालं की पहिला प्रश्न त्यांचा, "जेवली होती का ती?" त्यामुळं दुसऱ्या कुठल्या घरात माझ्यावरून लिंबू उतरला असता, तो वाचला. पण शुक्रवारी त्यांनी मला समोर बसवलं.

"भूत तर नसतंय. मंग हे काय हाय?"

मला बोलणं भागच होतं. मी शहाण्या सुरात समजावून सांगितलं, की आवाज एक असतो, अर्थ दोन असतात, शब्द जगावा लागतो.

"त्येच्यासाठी मिठाला बुधवार म्हनायला लागतं?"

मी उठून मिठाचा डबा त्यांच्यासमोर आणून ठेवला.

"ऐक," त्या म्हणाल्या. "रविवारी मी येते तितं. त्यो मास्तर काय शिकीवतो ते डोळ्यानं बघते. पटलं तर परीक्षा दे. न्हाय पटलं तर सोमवारपास्नं भेंडी. मंग आंगणवाडी न्हाय आन् फिंगणवाडी न्हाय."

मी रडत रडत सरांना सांगितलं. मला वाटलं घाबरतील. ते उजळले. "आणा त्यांना! सगळ्यांच्या घरच्यांना आणा. रविवारी प्रात्यक्षिक ठेवतो."

प्रात्यक्षिक असं होतं. कार्यालयात स्वस्तिक काढलेला अंतरपाट होताच. तो मधे धरायचा, दोन्ही बाजूंना सारख्या आवाजाचे दोन शब्द उभे करायचे. सर म्हणायचे, "कापडातून आवाज जातो, चेहरा जात नाही. इंग्रजी ऐकताना तुमची हीच दशा असते. मग वाक्य येतं, कापड दूर होतं आणि कळतं, समोर कोण उभं आहे." आता तुम्ही काही म्हणा, मला अजूनही वाटतं की याहून चांगलं कुणी समजावलेलं नाही. वाईट एवढंच, की त्यांनी हे मंगल कार्यालयात समजावलं.

आणि पहिली जोडी कोणाची? मी हात वर केला. कारण सांगते. माझ्या लग्नात अंतरपाट नव्हता. आमच्यात नसतोच. त्रिसरण, पंचशील, हार घातले, फुलं टाकली, झालं लग्न. शेजारच्या मुलींची लग्नं बघून मला त्या अंतरपाटाची फार हौस होती. त्याच्याआड मान खाली घालून उभं राहायचं आणि तो सरकला की हळूच वर बघायचं, हे मी न्हाणीघरात टॉवेल धरून कितीदा तरी केलेलं. आता अभ्यासाच्या नावाखाली संधी आली होती. मी जरीची साडी नेसले. गजरा घातला.

आत्याबाई जीपमध्ये माझ्याकडं बघून म्हणाल्या, "लगीन कुणाचं हाय?"

"प्रात्यक्षिक आहे, आत्या."

"हां," त्या म्हणाल्या. "परातीशिक."

कार्यालय भरलं होतं. आया, सासवा, बाप, चुलते. आबा पहिल्या रांगेत हाताची घडी घालून. आत्याबाई त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर. आणि दारात तात्या. तात्या म्हणजे कार्यालयाचे राखणदार. सगळं आयुष्य त्यांनी त्याच दारात लग्नं बघण्यात घालवलेलं. त्यांना सकाळी कुणीच काही सांगितलं नव्हतं. त्यांनी बघितलं की माणसं जमली, अंतरपाट बाहेर निघाला, गजरेवाली बाई एका अंगाला, तगडं पोरगं दुसऱ्या अंगाला. तात्यांनी एक शब्द विचारला नाही. आत गेले, तांदूळ काढले, कुंकू लावलं आणि ताटली घेऊन रांगेनं वाटत सुटले.

आणि लोकांनी घेतले! कुणी विचारलं नाही, की कशाला. ताटली पुढं आली की मूठ पुढं जाते, ती आमच्याकडं कुणाला शिकवावी लागत नाही.

सर चौरंगावर उभे राहिले. प्रात्यक्षिक रंगावं म्हणून त्यांनी शब्दांवर मंगलाष्टक रचलं होतं. डोळे मिटून, एक हात कानावर ठेवून त्यांनी सूर लावला:

"एका आठवड्यास वीक म्हणती, रोग्यास ही वीक ते,
कानाला समजे न भेद इतुका, डोळ्यांस दावा बरे..."

अंतरपाटाआड मी मान खाली घालून उभी. पलीकडं पैलवानाचे आठ दिवस अजून संपले नव्हते, त्यामुळं तो अशक्तपणानं थरथरत होता, आणि त्या थरथरीनं सगळा अंतरपाट हलत होता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, नवरा मुलगा भावनाविवश झालाय.

"...लिहिताना सावधान!" सरांनी शेवट केला.

हातात अक्षता आहेत आणि कानावर 'सावधान' पडलं, तर आमच्या भागातला माणूस आधी टाकतो, मग विचार करतो. तांदळाचा पाऊस पडला. आबांनीसुद्धा टाकल्या, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. अंतरपाट खाली आला. तात्यांनी आत टेपवर सनई लावली, पळत येऊन माझ्या हातात एक हार दिला, पैलवानाच्या हातात एक. पैलवानाला तो उचलवेना, कारण तो अशक्त होता. आणि मी, दोन लेकरांची आई, मी लाजले. लाजून वर बघितलं आणि त्याच्या गळ्यात हार घातला.

टाळ्या पडल्या. मग हळूहळू टाळ्या थांबल्या. सनई तेवढी चालू राहिली.

"आरं!" आबा उठले. "आरं, हे काय केलं! माझ्या पोराचं लगीन लावलं! आन् ते बी चातुर्मासात!"

"ती दोन लेकरांची आई हाय," मागून कुणीतरी माहिती पुरवली.

"दोन ल्येकरं!" आबांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"अवो, लगीन न्हवतं ते, अभ्यास हुता," एक जण म्हणाला. त्याच्या शेजारची म्हातारी ठामपणे म्हणाली, "सावधान झालं, तांदूळ पडलं, हार पडला. आता ऱ्हायलं काय?" तात्यांनाही साक्ष विचारली. ते म्हणाले, "हितं जे लागतं ते लगीनच लागतं. दुसरं काय कवा लागल्यालं मला ठावं न्हाय."

आणि सर? सर आनंदानं नाचायचे बाकी होते. "हेच! हेच ते!" चौरंगावरून ओरडत होते. "ऐकायला लग्न, बघायला लग्न, पण लग्न नव्हे! कळलं का आता? याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नव्हतं हो!"

आबा त्यांच्या अंगावर निघाले. बापाला धरायचं काम पैलवानाचं होतं. पण तो भिंतीला टेकून क्षीण आवाजात "आबा, नगा..." एवढंच म्हणाला. मी गजऱ्यासकट तशीच उभी. मला डोळ्यांसमोर भेंडी दिसत होती, रांगाच्या रांगा.

तेवढ्यात आत्याबाई उठल्या. त्यांनी आधी टेप बंद करायला लावला. मग आबांच्या आणि सरांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. आपल्या सुनेचं दुसरं लग्न बघितलेली सासू काय बोलते, हे ऐकायला म्हाताऱ्यांनी कानांमागं हात धरले.

"आबा, वराडू नगा," त्या म्हणाल्या. "तांदळानं आमच्यात लगीन लागत न्हाय. छप्पन सालापास्नं आमच्यात तांदळाचा फकस्त भात व्हतो."

लोक हसले. आबा हसले नाहीत. "आवो, पन आमच्यात लागतं की!"

"मंग तुमच्या पोराचं लागलं आसंल. आमच्या सुनंचं न्हाय."

आता हे ऐकून सगळेच विचारात पडले. म्हातारी म्हणाली, "म्हंजी अर्धंच लागलं?" तात्या म्हणाले, "असलं पयलंच." आबा बोटं मोडत म्हणाले, "पोराचं लागलं, मंग नवरी कुठाय?" आणि आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "ते तुमी हुडका. सुगी झाली की बघा एखादी चांगली. पन तवर त्याला क्रेट उचलू द्या, पोरगं वाया चाललंय."

ही शेवटची गोष्ट आबांना इतकी पटली, की बाकीचं भांडण तिथंच विरलं. त्यांनी पोराला दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि खिशातनं शेंगदाणे काढून खायला दिले.

मग आत्याबाई माझ्याकडं वळल्या. "हितं ये. तू कोन हायस?"

"आठवडा," मी म्हटलं.

"आन् त्यो?"

"अशक्त."

"दोनी लिहून दाव."

मी फळ्यापाशी गेले. खडू घेतला. मोत्यासारखं अक्षर त्या दिवशी ज्वारीसारखं फुटलं. 'चि. सौ. कां.'च्या पुढं मी आठवडा लिहिला आणि 'चि.'च्या पुढं अशक्त. आत्याबाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी जवळ जाऊन दोन्ही शब्द नीट निरखले, तांदळात खडे बघावेत तसे.

"ह्यात मधी एकच अक्षर दोनदा हाय. त्यात न्हाय. बरुबर का, मास्तर?"

"बरोबर," सर म्हणाले.

"परीक्षेत ही चुकंल का?"

"आता आयुष्यात चुकणार नाही."

"पुसा आधी ते!" मागून आबा ओरडले. "त्या फळ्यावर माझ्या पोराचं काय बी नगं!"

आत्याबाईंनी माझ्या डोक्यातले तांदूळ झटकले. "बस परीक्षेला," त्या म्हणाल्या. "पन गजरा काढ."

परीक्षेचं केंद्र बारामतीला होतं. पेपरात मैत्रिणीला पत्र आलं. मी तिला हरीण केलं नाही, तिचं मटण केलं नाही, आणि तिच्या मुलाला आभाळात न टांगता घरातच ठेवलं. जीपमध्ये मात्र पुढं कितीतरी दिवस लोक विचारत, "लासुर्ण्याचं जावई कसं हायत?" आमचे हेसुद्धा कधी भाजी आळणी झाली की म्हणायचे, "त्यांच्याकडं असंच करतात का?" गाय असली तरी शिंगं असतातच.

निकाल लागेपर्यंत लग्नांचा हंगाम सुरू झाला होता. क्लास बंद. सरांचं बारामतीचं घर आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मी आत्याबाईंना घेऊन, पेढे घेऊन थेट कार्यालय गाठलं, म्हटलं तात्यांना तरी विचारू. तिथं खरोखरचं लग्न होतं. बँड, फेटे, फळ्यावर खरी नावं. तात्यांनी मागच्या मांडवाकडं बोट दाखवलं.

पंगत बसली होती. मधल्या रांगेत, राखाडी सफारीत, केस ताजे रंगवून सर जेवत होते. एका बाजूला वधूकडचे कुणी काका, दुसऱ्या बाजूला वराकडचे कुणी मामा. दोघंही त्यांना आग्रह करत होते.

मी वाकून म्हटलं, "सर, मी सुटले. पास झाले."

त्यांच्या हातात बुंदी होती. ती त्यांनी परत पानात ठेवली. मग विचारलं, "मैत्रीण कशी आहे?"

"जिवंत आहे, सर."

"वा," ते म्हणाले. मग ठेवलेली बुंदी उचलून तोंडात टाकली.

तेवढ्यात वाढणारा एक फेटेवाला बादली घेऊन समोर येऊन थांबला. हसत होता, पण डोळे बारीक केलेले. "पावनं, बऱ्याच लग्नात दिसता तुमी. नवरीकडचं का नवऱ्याकडचं?"

सर खाली बघायला लागले. काका आणि मामाही आता त्यांच्याकडं वळून बघत होते.

"आमच्याकडचे आहेत," मी म्हटलं.

"आन् तुमी कुनाकडच्या?"

माझ्या हातात पेढ्यांचा पुडा. मागं वळून बघते तर आत्याबाई पंगतीत सरांच्या पलीकडं जागा करून बसल्यासुद्धा होत्या, पुढ्यात पान ओढून, पाण्याचा पेला हातात.

"आरं, असं काय इचारतोस?" त्या फेटेवाल्याला म्हणाल्या. "ह्या सणसरच्या आंगणवाडीच्या बाई हायत. मी त्यांची सासू. आन् ह्ये त्यांचं सर."

अंगणवाडीच्या जागेची जाहिरातसुद्धा अजून निघाली नव्हती.

फेटेवाल्यानं बादली खाली ठेवली, कमरेचा टॉवेल सोडून पाटावरची धूळ झटकली.

"बसा की, बाई," तो म्हणाला.

मी बसले.